पोटात गेलेल्या धान्याची वसुली

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सातारा
मा. जिल्हाधिकारी, सांगली

विषय : अपात्र ठरलेल्या शिधापत्रिकाधारकांकडून मागील धान्याची रक्कम वसूल करण्याबाबत

महोदय,

दोन जिल्ह्यांच्या दोन जिल्हाधिकाऱ्यांना एकच पत्र पाठवण्याची पद्धत नाही. पण तासगाव, वाळवा, शिराळा, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत साताऱ्यातच होते, त्यानंतरही १९६० पर्यंत सांगलीला दक्षिण सातारा म्हणत, आणि माणचा दुष्काळ आजही आटपाडीच्या शिवेवर अडून राहत नाही. रेशनचा प्रश्नही दोन्हीकडे एकाच तऱ्हेचा आहे. अपात्र शिधापत्रिका शोधण्याची मोहीम राज्यात २०२१ मध्ये झाली, २०२५ मध्ये पुन्हा झाली. ‘अनुदानातून बाहेर पडा’ या योजनेचे अर्ज दुकानांतून वाटले गेले. या सगळ्याच्या जोडीने २०२२ पासून निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या आवाहनांत एक वाक्य ऐकू येत राहिले आहे : स्वतःहून नाव कमी केले नाही, तर आजवर उचललेल्या धान्याची बाजारभावाने वसुली करू. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. अपात्राचे नाव यादीतून कमी व्हावे याबद्दल माझा वाद नाही. ते झालेच पाहिजे. माझे म्हणणे इतकेच, की जाणूनबुजून खोटे लिहून दिल्याचे सुनावणीत सिद्ध होत नाही तोवर पुढचे धान्य थांबवावे, मागचे मोजू नये. आणि हे दयेपोटी नव्हे, प्रशासनाच्या सोयीसाठी आणि न्यायासाठी सांगतो आहे.

आधी हे धान्य त्या घरात कसे पोचले ते पाहू. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. केंद्राने राज्याला इष्टांक ठरवून दिला : ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के, मिळून सात कोटी सोळा हजारांच्या आसपास माणसे. त्यात अंत्योदयाची कुटुंबे आली, पिवळ्या कार्डांवरची आली, आणि उरलेला इष्टांक केशरी कार्डधारकांमधून भरायचा होता. त्यासाठी डिसेंबर २०१३ च्या शासन निर्णयाने वार्षिक उत्पन्नाची मर्यादा घातली, ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार. कार्डे तपासली गेली, याद्या झाल्या, आणि कार्डावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का उमटला. तो शिक्का घरच्या माणसाने मारलेला नाही. कित्येक घरांना आपण ‘प्राधान्य’ झालो हे दुकानदाराने सांगितले तेव्हा कळले, आणि शेजारच्या तितक्याच गरीब घराला आपण का राहिलो याचे उत्तर अजून मिळालेले नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत शिक्का नसलेल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्याला २०१५ पासून वेगळ्या योजनेतून धान्य, पुढे त्याऐवजी रोख रक्कम मिळाली. साताऱ्यात आणि सांगलीत तीही सोय नाही. इथे शिक्का असेल तर माणशी पाच किलो, नसेल तर कोरडे कार्ड. म्हणजे यादी करताना कार्यालयाचा हात चुकला, तर चुकीच्या दोन्ही बाजू घरांनीच सोसायच्या : आत गेलेल्याने पुढे वसुलीच्या रूपाने, बाहेर राहिलेल्याने रोजच्या ताटात.

आता त्या मर्यादेकडेच नीट पाहा, कारण ‘अपात्र’ हा शब्द तिच्यातूनच जन्मतो. चव्वेचाळीस हजार म्हणजे महिन्याला ३,६६७ रुपये, सगळ्या घराचे मिळून. २०१३-१४ मध्ये रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात दिवसाला १६२ रुपये मिळत. त्या दराने एका माणसाने सुमारे २७२ दिवस खडी फोडली असती तेव्हा ही मर्यादा गाठली जायची. २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. त्या दराने १४१ दिवस पुरतात. नवरा-बायको दोघे कामावर गेले तर प्रत्येकी सत्तर-एकाहत्तर दिवसांत घर मर्यादेला टेकते आणि त्यानंतरची प्रत्येक हजेरी त्याला अपात्र करते. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे सांगलीचे, तिचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात झाला. त्याच मातीत हमीच्या कामावर नियमाने गेलेले जोडपे कागदावर श्रीमंत ठरावे, हा विनोद करायलाही धीर होत नाही. शिवाय हेच राज्य सरकार लाडक्या बहिणीला गरजू म्हणताना घराचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालवून घेते आणि वर्षाला अठरा हजार तिच्या खात्यात भरते. केंद्राचे आर्थिक दुर्बल घटकांचे आरक्षण तर आठ लाखांपर्यंत जाते. एकच घर एका खिडकीवर दुर्बल, दुसऱ्या खिडकीवर गरजू आणि तिसऱ्या खिडकीवर सरकारचे देणेकरी. बारा वर्षे न हललेल्या रेषेवरून कोण कधी पलीकडे सरकला हे त्या माणसाला कळायला हवे होते, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? मजुरी वाढली, भाव वाढले, रेघ तिथेच राहिली. अशा अपात्रतेत घराचा गुन्हा शोधण्याआधी रेघेचे वय पाहिले पाहिजे.

वसुलीचा आकडा किती होईल, हेही मांडून पाहिले पाहिजे. आवाहनात तो कधी दिलेला नसतो. पाच माणसांच्या घराला महिन्याला पंचवीस किलो धान्य मिळते. त्यात पंधरा किलो तांदूळ आणि दहा किलो गहू धरू. सरकारला पडणारा खर्च, म्हणजे खरेदी, साठवण, वाहतूक सगळे धरून, अलीकडच्या वर्षांत तांदळाला किलोमागे सुमारे चाळीस आणि गव्हाला सुमारे अठ्ठावीस रुपये आहे. महिन्याचे ८८० रुपये झाले, वर्षाचे १०,५६०. पाच वर्षे मागे गेलो तर ५२,८०० रुपये. ज्या मर्यादेपेक्षा घराचे उत्पन्न जास्त म्हणून ही वसुली, त्या मर्यादेच्या जवळपास सव्वापट हिची रक्कम. बाजारभाव लावला तर याहून चढेल. पन्नास हजारांवरचे, पंचावन्न हजारांवरचे घर अपात्र असेलही. पण पंचावन्न हजारांतून बावन्न हजार मागणे म्हणजे त्या घराला सावकाराच्या दारात नेऊन सोडणे. रोख मदत आणि धान्य यांत एक मोठा फरक आहे. जास्तीची रोख कुठेतरी शिल्लक असू शकते. खात्यात, दागिन्यात, बैलजोडीत. धान्य त्या त्या महिन्यात शिजले आणि संपले. परत मागितले जाते ते धान्य नसतेच. त्याच्या किमतीचे नवे कर्ज असते.

कायदा काय म्हणतो? अन्न सुरक्षा कायद्यात लाभार्थ्याकडून मागील धान्याची किंमत वसूल करण्याची कोणतीही यंत्रणा घालून दिलेली नाही. मे २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात अशाच वसुलीची हूल उठली आणि कार्डे परत करायला तहसिलांत रांगा लागल्या, तेव्हा तिथल्या अन्न आयुक्तांना जाहीरपणे सांगावे लागले की असा आदेश निघालेला नाही आणि कायद्यात वा शासनादेशांत वसुलीची व्यवस्थाही नाही. उलट दिशेची वसुली मात्र कायद्यात आहे, आणि तिच्याबद्दल आपल्या फलकांवर अक्षरही नसते. कलम ८ म्हणते की हक्काचे धान्य मिळाले नाही तर सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा. २०१५ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या नियमांनी त्याचा हिशेबही ठरवला आहे, आधारभूत किमतीच्या सव्वापटीतून कार्डावरचा दर वजा करून. तक्रार निवारण अधिकाऱ्याने सुचवलेली भरपाई विनाकारण न देणाऱ्या लोकसेवकाला कलम ३३ खाली पाच हजारांपर्यंत दंड आहे. सर्व्हर बंद म्हणून, अंगठा उमटला नाही म्हणून, माल उशिरा आला म्हणून दोन्ही जिल्ह्यांत किती घरांचे किती किलो बुडाले आणि त्यांपैकी किती जणांना हा भत्ता मिळाला, याचा तक्ता आपण प्रसिद्ध केलात तर वसुलीची भाषा बोलण्याचा नैतिक अधिकार निदान तपासून पाहता येईल. घेण्याचे आणि देण्याचे माप एकच असले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाची इथे आठवण करून द्यावीशी वाटते. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या खटल्यात १८ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले की कर्मचाऱ्याच्या लबाडीशिवाय, कार्यालयाच्या चुकीने जादा पगार दिला गेला असेल, तर तिसऱ्या व चौथ्या वर्गातल्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून, आणि पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या जादा रकमेची वसुली करता येणार नाही, कारण ती कठोर आणि अन्याय्य ठरेल. हा निकाल पगाराबद्दलचा आहे, रेशनला तो थेट लागू होतो असा दावा मी करत नाही. पण त्यातला विचार पाहा. वसुलीची नोटीस ज्याच्या टेबलावर तयार होणार तो पुरवठा शाखेतला लिपिक, ती घेऊन जाणारा शिपाई यांना न्यायालयाने जे संरक्षण दिले, ते त्यांच्याहून कितीतरी कमी मिळकतीच्या घराला नाकारायचे, तर त्यासाठी काही सबळ कारण हवे. ते कारण कुणी दिलेले माझ्या वाचनात नाही.

यावर जाणकार एक चांगला आक्षेप घेतील, आणि तो घेतलाच पाहिजे. त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये जगदेव सिंग यांच्या प्रकरणात म्हटले की जादा रक्कम परत करीन असे लिहून दिले असेल तर वसुली चालेल. शिधापत्रिकेच्या अर्जाबरोबरही हमीपत्र असते, उत्पन्न लिहिलेले असते, खाली सही किंवा अंगठा असतो. मग? मला वाटते, फरक इथेच करायला हवा. जगदेव सिंग न्यायिक अधिकारी होते. आपण कशावर सही करतो हे त्यांना कळत होते. इथे छापील मजकुराखालचा अंगठा बहुतेक वेळा अर्ज भरून देणाऱ्याच्या भरवशावर उमटलेला असतो. तरीही मी हमीपत्र टाकाऊ म्हणणार नाही. ज्या दिवशी ते लिहून दिले त्या दिवशी त्यातले विधान खोटे होते, आणि लिहून देणाऱ्याला ते खोटे असल्याचे माहीत होते, हे कागदाने सिद्ध करता आले तर वसुली जरूर करा. सरकारी पगारपत्रकावर नाव असताना चाळीस हजार उत्पन्न लिहिणाऱ्याची कणव मला नाही. पण २०१४ मध्ये खरे असलेले विधान २०२५ मध्ये चुकीचे झाले, याला खोटे म्हणत नाहीत. आणि ज्या घराकडून हमीपत्र घेतल्याचा कागदच कार्यालयात सापडत नाही, त्याच्यावर वसुली लावायला पाया कोणता? पुराव्याचा भार कुणाच्या डोक्यावर, हाही प्रश्न आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, जुलै २०२१ मध्ये पाटण खोऱ्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आले. ज्या घरांचे कागदच त्यात गेले त्यांच्याकडे सात वर्षांपूर्वीच्या उत्पन्नाचा पुरावा मागणे म्हणजे उत्तर आधीच ठरवून प्रश्न विचारणे होय.

अलीकडे या कामात यंत्राची भर पडली आहे. २०२५ मध्ये केंद्राने आयकर, परिवहन आणि कंपनी व्यवहार या खात्यांच्या नोंदी शिधापत्रिकांशी ताडून देशभरात सुमारे १ कोटी १७ लाख संशयित कार्डधारक काढले : ९४.७१ लाख आयकरवाले, १७.५१ लाख चारचाकीवाले, ५.३१ लाख कंपन्यांचे संचालक. वर वर पाहता यात काय चूक? पण ही चाळणी आपल्या दोन जिल्ह्यांवर धरून पाहा. कंपनी संचालक म्हटला की डोळ्यांपुढे गाडी-बंगला येतो. पण शेतकरी उत्पादक कंपनीला कायद्यानेच किमान पाच संचालक लागतात, आणि ते कागदावर नाव द्यायला तयार झालेले दीड-दोन एकरांचे डाळिंबवाले, द्राक्षवाले, हळदवाले असतात. सरकारनेच त्यांना कंपनी काढायला सांगितले, आणि आता सरकारचेच यंत्र त्यांना उद्योगपतींच्या रांगेत बसवते. चारचाकीचे तेच. कराड-पाटण रस्त्यावर वडाप करणारी कर्जाची जीप आणि पुण्यातल्या सोसायटीतली मोटार यांचा नोंदणी क्रमांक यंत्राला सारखाच दिसतो. आयकराचे आणखी गुंतागुंतीचे. साताऱ्याला सैनिकांचा जिल्हा म्हणतात. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावाचे नावच ते सांगते. पलटणीत असलेल्या मुलाचा कर पगारातून कापला जातो, नाव वडिलांच्या कार्डावर राहिलेले असते. खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक देशभर सोने-चांदी गाळतात. धाकटा भाऊ कोइमतूरला स्थिरावलेला, थोरला आणि आईवडील गावी कोरडवाहूवर, चुली दोन, कार्ड एक. कार्ड फोडायचे तर तहसिलाच्या फेऱ्या, म्हणून ते राहून गेले. यंत्र माणूस ओळखते, घर ओळखत नाही. आणि शिक्षा मात्र घराला होते.

यंत्राच्या ताळ्यावरून थेट वसुलीवर उडी मारली की काय होते, हे दोन श्रीमंत देशांनी दाखवून दिले आहे. ऑस्ट्रेलियात २०१५ नंतर कल्याण खात्याने आयकराच्या वार्षिक आकड्याला पंधरवड्यांनी भागून लाखो लोकांवर ‘जादा दिलेल्या’ भत्त्याची कर्जे काढली. हंगामी काम करणाऱ्याचे उत्पन्न असे सरासरीने येत नसते, हे साधे भान त्यात नव्हते. पद्धत बेकायदा ठरली, सरकारला शे-दीडशे कोटींहून अधिक डॉलर परत करावे वा माफ करावे लागले आणि जुलै २०२३ मध्ये चौकशी आयोगाने त्यावर कडक अहवाल दिला. नेदरलँड्समध्ये पाळणाघर भत्त्यातल्या बारीकसारीक कागदी चुकांवरून हजारो कुटुंबांकडून पूर्ण रक्कम वसूल केली गेली, घरे उद्ध्वस्त झाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये सगळ्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. अमेरिकेच्या अन्नसाह्य योजनेत जादा रकमेची वसुली रीतसर होते, अगदी कार्यालयाच्या चुकीचीही, आणि ते मला पटत नाही. पण तिथेही तीन खाने केलेले आहेत : कार्यालयाची चूक, घराची नकळत झालेली चूक, जाणूनबुजून केलेली लबाडी. नकळत चुकलेल्या घराच्या महिन्याच्या साह्यातून साधारण दहा टक्के कापतात, लबाडीला वीस टक्के. आपल्याकडच्या आवाहनातल्या वाक्यात एकच खाना आहे, त्यावर ‘अपात्र’ लिहिले आहे, आणि सगळे त्यात कोंबलेले आहेत.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. इष्टांक ठरलेला आहे, तोही २०११ च्या जनगणनेवर. एक जागा अपात्राने अडवली की एक पात्र माणूस बाहेर बसतो. जतच्या पूर्व भागात, माणच्या वाड्यावस्त्यांवर शिक्क्याची वाट पाहणारी केशरी कार्डे पडून आहेत. त्यांच्या तोंडचा घास दुसऱ्याने खाल्ला, मग त्याला सोडायचे का? हा राग खरा आहे. पण जागा कशाने मोकळी होते ते पाहा. नाव कमी झाल्याने जागा मोकळी होते. वसूल झालेल्या रकमेने होत नाही. ती रक्कम सरकारी खात्यात जाते, तिच्यातून जतमधल्या कुणाच्याही कार्डावर एक नाव वाढत नाही. आणि वसुलीची धमकी नाव कमी होण्याच्या आडच येते. जो खरोखर सधन आहे, ज्याला नियम कळतात, तो विचार करतो की आज अर्ज देणे म्हणजे पाच वर्षांच्या देण्यावर स्वतःच सही करणे. त्यापेक्षा गप्प बसावे, धान्य शेजाऱ्याला द्यावे. उलट ज्याला नियम कळत नाहीत, ज्याच्या घरावर पत्रा आहे आणि दारात जुनी मोटारसायकल आहे, तो घाबरून हक्काचे कार्ड परत करून येतो. उत्तर प्रदेशातल्या रांगांनी हेच दाखवले. धाकाने गरीब उठतो, सधन बसून राहतो; म्हणजे मोहिमेला जे हवे त्याच्या नेमके उलट घडते. ज्याला यादी लवकर आणि खऱ्या अर्थाने स्वच्छ करायची आहे त्याने तर सर्वांआधी वसुलीचे वाक्य पुसले पाहिजे.

सार्वजनिक पैशाचे काय, असे विचारले जाईल. विचारावेच. पण पैशाचा हिशेब मांडायचा तर वसुलीचा खर्चही मांडावा लागेल. जुलै २०२१ मध्ये संसदेत सांगितले गेले की पीएम-किसानचा लाभ देशात ४२.१६ लाख अपात्रांना गेला, रक्कम २,९९२ कोटी. त्यात महाराष्ट्रातले ४.४५ लाख आणि ३५८ कोटी. ती रोख रक्कम होती, बँकेतून गेलेली, प्रत्येक हप्त्याची तारीख ठाऊक असलेली, आणि योजनाच जमीनमालकांसाठीची. तरी २०२५ पर्यंत देशभरात वसूल झाले ते ४१६ कोटींच्या घरात, म्हणजे सातवा हिस्सा. रेशनच्या धान्यात यांपैकी बहुतेक सोयी नाहीत. तहसीलदाराने नोटीस काढायची, तलाठ्याने पोचवायची, सुनावणी, अपील, आणि अखेर जमीन महसुलाची थकबाकी म्हणून सातबाऱ्यावर बोजा. ज्याच्याकडे सातबारा नाही त्या भूमिहीनाचे काय जप्त करणार, पितळी पातेली? तलाठ्याचे हेच दिवस पंचनाम्याला, पीकपाण्याला लागतात. धान्याची खरी गळती शोधायची तर गोदामापासून दुकानापर्यंतच्या वाटेवर आणि रेशनचा तांदूळ गोळा करून गिरण्यांना विकणाऱ्यांच्या मागे माणसे लावा. जीवनावश्यक वस्तू कायद्याचे कलम ७ त्यासाठीच आहे आणि तिथली एक कारवाई शेकडो घरांच्या वसुलीहून जास्त धान्य वाचवील.

मयतांच्या आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या नावावर उचललेल्या धान्याबद्दलही हेच. ते जादा आहे यात शंका नाही. पण मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते, तीही सरकारच्याच दप्तरात, आणि त्या दप्तरातून पुरवठा शाखेत एक ओळ जायला वर्षे लागली तर पाच किलोंची चोरी घरात उरलेल्या म्हातारीच्या माथी मारण्यात अर्थ नाही. ती ओळ दरमहा जाईल अशी सोय करा. प्रश्न पुढच्या महिन्यापासून संपेल.

तेव्हा आपल्या अधिकारात आज करता येण्याजोगे काही मागतो. दोन्ही जिल्ह्यांत लेखी परिपत्रक काढून सांगावे की स्वतःहून नाव कमी करणाऱ्याकडून मागील धान्याची कोणतीही रक्कम मागितली जाणार नाही, आणि हे वाक्य दुकानातल्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावे. यंत्राने संशयित ठरवलेल्या नावाचे धान्य थांबवण्याआधी पुरवठा निरीक्षक किंवा तलाठी त्या घरी जावा; संचालक असेल तर कोणत्या कंपनीचा, गाडी असेल तर कशाची, कर असेल तर कुणाचा, हे तिथे बसून लिहून घ्यावे, आणि एका माणसामुळे घर अडत असेल तर त्याचे नाव वेगळे काढून बाकीच्यांचे धान्य चालू ठेवावे. नाव कमी करण्याचे कारण साध्या मराठीत, लेखी, अपील कुठे करायचे त्या पत्त्यासह द्यावे. वसुली फक्त तिथे, जिथे खोटे विधान, त्याची तारीख आणि त्याचा पुरावा तीनही हातात आहेत, आणि तिथेही हप्त्याने. उत्पन्नमर्यादा बदलणे आपल्या हातात नाही हे मला ठाऊक आहे. पण १४१ दिवसांचा तो हिशेब आपल्या सहीनिशी मंत्रालयात पाठवणे आपल्या हातात आहे, आणि जिल्हाधिकाऱ्याने पाठवलेल्या कागदाला माझ्या पत्राहून वजन असते.

आणखी एक. नावे कमी होऊन दर महिन्याला जो इष्टांक मोकळा होतो, तो कोणत्या तालुक्यात किती आणि त्यावर कोणती नवी नावे चढली, हे ग्रामसभेपुढे वाचून दाखवावे. सुरुवात जत आणि माणपासून करता येईल; तिथली प्रतीक्षेतली केशरी कार्डे आपल्या पुरवठा शाखांमध्ये आधीच अर्जांच्या रूपाने बांधून ठेवलेली आहेत.

कळावे,

आपला,
सातारा-सांगलीचा एक रहिवासी